मदत हवी आहे: मानसिक आरोग्यावर बोलायला वक्ता सुचवा (तातडीचं)

वरचीआळी
नमस्कार मंडळी. गणपतीत वाडीत मानसिक आरोग्यावर कार्यक्रम ठेवायचा आहे. दीड तास, मराठीतून. चांगला वक्ता सुचवा. रविवारी कमिटीची बैठक आहे, त्याआधी नाव हवंय. मोटिव्हेशनलवाले नकोत, ते गेल्या वर्षी झाले.

पेठकर
ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) बघा. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था. या विषयावर लोकांना कळेल अशा मराठीत बोलण्याचं काम त्यांनी भरपूर केलंय. पण तुम्ही आहात कुठे? मानधन किती? ऐकणारे कोण, शाळकरी मुलं की आजी-आजोबा?

वरचीआळी
कोकणात. मानधन जमेल तेवढं. ऐकणारे सगळेच.

खवचट_काका
कोकण रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत आहे हो. वक्त्याने कुठल्या स्टेशनावर उतरायचं तेवढं तरी सांगा.

शांतिदूत
इगतपुरीला विपश्यना करा. दहा दिवस मौन. माझं सगळं आयुष्य पालटलं. व्याख्यानं ऐकून काही होत नाही.

खवचट_काका
अख्खी वाडी दहा दिवस इगतपुरीला नेली तर गणपतीला नैवेद्य कोण दाखवणार?

निशिगंधा७
मोटिव्हेशनल नको म्हणता, पण लोकांना तेच आवडतं. आमच्या सोसायटीत डॉक्टर बोलावले तर निम्मे लोक उठून गेले. हसवणारा माणूस आणा, हलकंफुलकं असू द्या.

वरचीआळी
आमच्याकडे गेल्या वर्षी हसवणाराच आला होता. 'संकटाकडे संधी म्हणून बघा' म्हणाला. मागून एक आजोबा उठले, म्हणाले, दुकानातला सगळा माल वाहून गेला, त्यात संधी कुठली ते सांगा. पुढचा कार्यक्रम झालाच नाही.
चिपळूण. बाजारपेठेच्या बाजूला. आता कळलं असेल.

सडेवाला
मग हे आधी सांगायचं की राव! २२ जुलै २०२१ चा पूर. आमची मावशी खेंडीत असते. अजूनही रात्री पावसाचा जोर वाढला की उठून बसते, पिशवीत कागदपत्रं भरते. कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं नसतं तर ही वेळच आली नसती.

अभियंता_निवृत्त
पुन्हा तेच. पाऊस अतोनात झाला, त्यात भरती, आणि नदीत वर्षानुवर्षांचा गाळ. सगळं धरणावर ढकलणं सोपं असतं.

सडेवाला
तुमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं का? नाही ना? मग बोलू नका.

अभियंता_निवृत्त
२००५ ला होतं. तेव्हाही हीच भांडणं झाली.

मीरा_समाजकार्य
धरणाचं दुसऱ्या धाग्यावर घ्या, विनंती. धागाकर्ते, मी पुरानंतर वाड्यावस्त्यांवर काम केलंय (चिपळुणात नाही). मला एकच विचारायचंय: हा कार्यक्रम आत्ताच का? गणपतीत घरोघरी आरत्या, भजनं, जाखडी. व्याख्यानाला कोण बसणार? भीती वाटते ती जून-जुलैत. म्हणजे मे महिन्यात घ्यायला हवं.

वरचीआळी
मे महिन्यात कोण असतं इथे? गणपतीत मुंबईहून सगळे येतात, मुलगे, सुना, नातवंडं. म्हातारी माणसं फोनवर एवढंच सांगतात की 'सगळं ठीक आहे'. झोपत नाहीत, टाकीजवळ आवाज झाला तरी दचकतात, हे पोरांना माहीतच नाही. त्यांना कळायला हवंय. म्हणून गणपती.

मीरा_समाजकार्य
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर! म्हणजे श्रोते म्हातारे नाहीत, चाकरमानी आहेत. मग वक्त्याला तेच सांगा: घरच्यांच्या कुठल्या खुणा बघायच्या आणि कधी डॉक्टरकडे न्यायचं.

आणखी, वाटेल तिथे वापरा. लोकांना स्टेजवर बोलावून 'त्या रात्री काय झालं ते सांगा' असं अजिबात करू नका. मोकळं होतील म्हणून आयोजक हौसेने करतात, पण जबरदस्तीने पुन्हा सांगायला लावल्याने काहींचा त्रास वाढतो. ज्याला बोलायचं असेल तो स्वतः बोलेल. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिकाही हेच म्हणते: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. ते काम शेजारणीलाही जमतं.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव न लिहिता. दीड तास नको, पाऊण तास पुरे. बाकीचा वेळ कोपऱ्यात खुर्ची टाकून कोणी एकट्याने बोलायला आलं तर बसायला ठेवा. गावातल्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) असतील तर उत्तम, घरं त्यांना माहीत असतात.

पेठकर
+१. आणि पुण्या-ठाण्याचा वक्ता परत गेला की पुढे कोण? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं जिल्हा रुग्णालयात असतात. आधी कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. बोलायला तिथलाच कोणी आला तर लोक दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊ शकतात.

रोहिणी_दादर
अवांतर: आईला सहा महिन्यांपासून झोपेची गोळी चालू आहे. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. बंद करू का?

शांतिदूत
ताबडतोब बंद करा. रात्री जायफळ घालून दूध द्या.

मीरा_समाजकार्य
नाही! एकदम बंद करू नका. काही झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास होतो, हळूहळू कमी कराव्या लागतात. ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांच्याकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा. समुपदेशक गोळी बदलू शकत नाही. वक्ता ठरवतानाही हा फरक ध्यानात असू द्या.

निशिगंधा७
मनोविकारतज्ज्ञ असं पत्रिकेवर छापलं की लोक येणारच नाहीत. 'आम्ही काय वेडे आहोत का' म्हणतील.

वरचीआळी
कमिटीतले दोघे आत्तापासूनच म्हणतायत. 'पुरानंतरची झोप' असं नाव ठेवू का?

सडेवाला
ठेवा. झोपेचं ऐकायला मावशी नक्की येईल.

मीरा_समाजकार्य
चांगलं आहे. पत्रिकेच्या खाली १४४१६ छापा. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२२ पासून चालू आहे. चिठ्ठ्यांसोबत एकेक कागद हातात द्या, पत्रिका रद्दीत जाते.

वरचीआळी
बरं. उद्या कामथ्याला जातो. गौरी गेल्यानंतरची संध्याकाळ धरतोय, आरतीच्या आधी. साउंडवाला आहे, जनरेटर बघावा लागेल.

खवचट_काका
जनरेटर आधी ठरवा, वक्ता नंतर. लाइटचा अनुभव आहे.

गजानन_ठाणे
नवीन सदस्य. ताणतणावावर विनोदी एकपात्री करतो. आपल्या कार्यक्रमासाठी तारीख उपलब्ध आहे. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.