मदत हवी आहे: कोन ५० चा एकदम २३० होतोय, उद्या तास आहे

आटपाडी_गणित
दहावीला अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घेतेय. प्रोजेक्टर महत्प्रयासानं मिळालाय, तोही उद्या दुसऱ्या तासापुरताच. वर्तुळावर बिंदू फिरवला की तिथला कोन ५० अंशांचाच राहतो, इथपर्यंत झकास. मग मधेच २३० होतो! चार वेळा नव्यानं काढून बघितलं. पोरांसमोर असं झालं तर प्रमेयावरचा विश्वासच उडेल त्यांचा. लवकर सांगा.

वाईकर
कशात काढलंय? मोबाइल की कॉम्प्युटर? आणि बिंदू नेमका कुठं गेल्यावर बदलतो?

कृष्णाकाठ
मॅडम, प्रोजेक्टर राहू द्या. प्लायवूडवर गोलात खिळे ठोका, रबरबँड लावा, कोनमापकानं पोरांनाच मोजू द्या. आपल्या साताऱ्यात कुमठे बीटातल्या, म्हणजे त्या गटातल्या शाळांनी फरशीवर आखून गणित शिकवलं, ते बघायला कुठनं कुठनं लोक आले. हाताला जे कळतं ते पडद्यावर कळत नाही.

आटपाडी_गणित
सर, खिळ्यांचा बोर्ड आहे माझ्याकडे, पण दोन खिळ्यांच्या मधे बिंदू नेता येत नाही म्हणून तर हे. भूमितीच्या आकृत्यांचं सॉफ्टवेअर, जिओजेब्राच आहे, दुसरं काय असणार? शाळेचा जुना लॅपटॉप.

जतकर
जुन्या मशिनला जिओजेब्राची क्लासिक ५ आवृत्ती टाका, ६ जड जातं. नेट नसलं तरी चालतं. आणि प्रोजेक्टर कुठला आहे? आमच्या शाळेलाही घ्यायचाय.

आटपाडी_गणित
५ च आहे, व्यवस्थित उघडतंय. अडलंय ते कोनाचं.

वाईकर
बिंदू लघुकंसावर, म्हणजे जीवेनं कापलेल्या वर्तुळाच्या लहान भागावर गेला की होतं का?

आटपाडी_गणित
हो!! जीवेच्या खाली गेला की लगेच.

वाईकर
मग चूक नाही. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं मोजतं. बिंदू जीवेच्या पलीकडे गेला की ते बाहेरच्या बाजूचा, १८० पेक्षा मोठा कोन धरतं. ३६० मधून २३० गेले, राहिले १३०. कोनावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, बेसिक. तिथं 'अँगल बिट्वीन' आहे, त्यात ० ते १८० निवडा. आता १३० दिसेल. ५० आणि १३० मिळून १८०, म्हणजे चक्रीय चौकोनाचं प्रमेय (समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८०) त्याच आकृतीत हाताशी आलं.

मिरज_भूमिती
मला हे पटत नाही. सेटिंग बदलून २३० लपवायचा कशाला? ५० आणि २३० मध्ये बरोबर १८० चा फरक आहे. पोरांना विचारा, असं का होतं? माझ्या वर्गात याच प्रश्नावर अख्खा तास रंगला होता.

वाईकर
तुमच्याकडे प्रोजेक्टर रोज असेल. त्यांना एकच तास मिळालाय. आधी प्रमेय पक्कं होऊ दे.

मिरज_भूमिती
बरं. पण केंद्रीय कोनाला ते सेटिंग लावू नका. बिंदू लघुकंसावर असताना अंतर्खंडित कंस, म्हणजे कोनाच्या आत येणारा कंस, विशालकंस असतो, २६० चा. त्याचं निम्मं १३०. तो २६० दाखवायला केंद्राजवळ बिंदू उलट क्रमानं टिपून दुसरा कोन काढा.

आटपाडी_गणित
आला १३०! केंद्राजवळ २६० पण आला. दोघांचेही मनापासून आभार. शेवटचं एक, मागच्या बाकावरून आकडे दिसतील का?

वाईकर
ऑप्शन्समध्ये फॉन्ट साइझ २८ करा.

कृष्णाकाठ
आणि लाइट गेली तर खिळ्यांचा बोर्ड जवळ असू द्या, मॅडम.

जतकर
प्रोजेक्टरचं सांगा ना कुणीतरी.