अपघातानंतर ईव्ही वर्कशॉपमध्ये अडकली आहे, पार्ट कधी येणार ते कुणीच सांगत नाही

साताऱ्याची_फिजिओ

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझे निम्मे पेशंट अर्धांगवायूचे, नाहीतर खुब्याचं ऑपरेशन झालेले. ते माझ्याकडे येऊ शकत नाहीत, मीच त्यांच्या घरी जाते. कोरेगाव, रहिमतपूर, वाई, कधी पाचगणी. एवढं रनिंग बघूनच इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि चालवताना तिने मला कधी त्रास दिला नाही.

ऑगस्टमध्ये लिंब फाट्याजवळ दुधाच्या टेम्पोने एकदम लेन बदलली. त्याला चुकवायला मी गाडी डावीकडे घेतली, ती साइडपट्टीवरून उतरून दगडावर बसली. देवाच्या दयेने कुणाला लागलं नाही, एअरबॅगही उघडल्या नाहीत. डावा हेडलॅम्प, बंपर आणि फेंडर गेले, आणि खालून बॅटरीच्या कव्हरला तळहाताएवढा पोचा आला. साताऱ्यातल्या सर्व्हिस सेंटरने 'हाय व्होल्टेजचं काम इथे होत नाही' असं सांगून गाडी फ्लॅटबेडवर चढवून पुण्याला पाठवली.

गणपतीच्या आधी गेलेली गाडी दिवाळी झाली तरी तिथेच उभी आहे. वर्कशॉप म्हणतं, पार्ट बॅकऑर्डरला आहेत, म्हणजे मागवलेत पण अजून आलेले नाहीत. विमा कंपनी म्हणते, आमच्याकडून अप्रूव्हल केव्हाच दिलंय, वर्कशॉपला विचारा. गाडीच्या कंपनीचा कॉल सेंटर 'तक्रार नोंदवली आहे' एवढंच सांगतो. नेमका कोणता पार्ट, कुठून यायचाय, याचं उत्तर एकाकडेही नाही.

त्यात पहिलं एस्टिमेट 1 लाख 90 हजारांचं होतं. आता म्हणतात, बॅटरी पॅक बदलावा लागला तर खर्च 8 लाख 60 हजारांवर जाईल. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 11 लाख आहे, झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) घेतलंय.

एवढ्याशा पोच्यासाठी अख्खा पॅक बदलतात का? गाडी टोटल लॉसमध्ये टाकतील का, म्हणजे दुरुस्त न करता भंगारात धरतील का? आणि दाद नेमकी कुणाकडे मागायची? हप्ता चालूच आहे, भाड्याच्या गाडीत माझी व्हिजिट फी जाते. रहिमतपूरच्या एका आजोबांचा खांदा आता कुठे सुटायला लागला होता. आठवड्यातून तीनदा जायचे तिथे एकदाच जाणं होतंय, आणि तो पुन्हा आखडायला लागलाय. गाडीच्या खर्चापेक्षा मला हे जास्त लागतं. कृपया माहितगारांनी सांगावं. (गाडीचं आणि वर्कशॉपचं नाव मुद्दाम लिहीत नाही.)

बॉडीशॉप_चाकण

ताई, मी बॉडीशॉपमध्ये अ‍ॅडव्हायझर आहे, तुमच्या गाडीच्या कंपनीचा असेन-नसेन. आतून काय चालतं ते सांगतो.

लोकांना वाटतं गाडी बॅटरीमुळे अडते. बहुतेक वेळा ती अडते दोनदा होणाऱ्या ऑर्डरमुळे. पहिलं एस्टिमेट गाडी न खोलता, वरवर बघून होतं. विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर त्यावर अप्रूव्हल देतो, मग पार्ट मागवतात. बंपर उतरवला की आतला ब्रॅकेट, कूलंटचा पाइप, वायरिंगचं सॉकेट तुटलेलं दिसतं. मग सप्लिमेंटरी एस्टिमेट, सर्व्हेअर पुन्हा येणार, पुन्हा अप्रूव्हल, दुसरी ऑर्डर. अप्रूव्हलशिवाय आम्ही मागवत नाही, कारण क्लेम फिसकटला तर आलेला पार्ट परत जात नाही, डीलरचे पैसे अडकतात. म्हणून सुरुवातीलाच सर्व्हेअरसमोर गाडी खोलायला लावणं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा.

दुसरं कारण वायरिंग. ईव्हीतली नारिंगी केबल हाय व्होल्टेजची असते. ती कापली किंवा सोलली गेली तर जोड मारून चालत नाही, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा बदलायचा. पेट्रोल गाडीचा बंपर किंवा फिल्टर रोज खपतो म्हणून डेपोत पडून असतो. हार्नेस कधीतरी एखादा लागतो, म्हणून कुणी साठवत नाही, थेट कारखान्याकडून मागवावा लागतो.

आता पोचा. पोचा किती खोल असला तर चालतो, चीर किंवा गळती आहे का, याचे निकष प्रत्येक कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. काही पॅकची खालची प्लेट सुटी मिळते, काहींची मिळत नाही. म्हणून 'बदलावा लागेल' हे तोंडी ऐकून घेऊ नका. इन्सुलेशन रेझिस्टन्स (करंट बॉडीत उतरतोय का), सेल व्होल्टेजमधला फरक (आतले सेल एकसारखे आहेत का) आणि पॅकची लीक टेस्ट (कव्हर हवाबंद आहे का), या तिन्हींचे रिपोर्ट मागा. तिन्ही ठीक असतील आणि पोचा मर्यादेत असेल तर पॅक तसाच राहू शकतो. मर्यादेबाहेर असेल तर मात्र पैसे वाचवायला 'चालेल हो' म्हणू नका. तुमच्या सीटखाली आहे ते.

पॅक मागवावाच लागला तर वेळ धरून चाला. लिथियम बॅटरी धोकादायक मालाच्या क्लास 9 मध्ये येते, साध्या कुरिअरने पाठवता येत नाही, आणि खराब झालेला पॅक विमानाने पाठवायला बंदीच आहे.

टोटल लॉसबद्दल: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला तर कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात. तुमच्या 11 लाखांचे 75 टक्के म्हणजे 8 लाख 25 हजार. 8 लाख 60 हजार त्याच्या वर जातात, म्हणजे सगळं त्या पॅकवर अवलंबून आहे. आणि पॉलिसी काढून बघा, झिरो डेपमध्ये बॅटरी पॅक धरलाय की त्यासाठी वेगळं कव्हर लागत होतं. स्टँडर्ड पॉलिसीत बॅटरीवर 50 टक्के घसारा कापतात.

उद्याच वर्कशॉपला मेल टाका: प्रत्येक बाकी पार्टचा नंबर, ऑर्डर नंबर आणि ऑर्डर टाकल्याची तारीख द्या. फोन करू नका, मेलच करा.

गोदाकाठ

आमची गाडी एका हेडलॅम्पसाठी रखडली होती, तेव्हा हे सगळं केलंय. दोन भांडणं वेगळी ठेवा.

विमा कंपनीला वेळेचं बंधन आहे. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर 24 तासांत नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो मिळाल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय कळवायचा. पॅकच्या अप्रूव्हलवर घोडं अडलं असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि 'बिमा भरोसा' या विमा तक्रारींच्या पोर्टलवरही टाका. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तुम्हाला पुण्याचं ऑफिस लागेल. फी नाही, वकील नाही.

पार्ट येत नाही ही तक्रार मात्र डीलर आणि गाडीच्या कंपनीविरुद्धची आहे. तिथे लोकपालांचा उपयोग नाही. आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. आमचं काम तिथेच हललं, कारण त्यानंतर कंपनीच्या माणसाने स्वतःहून फोन केला. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. भाड्याच्या गाडीच्या पावत्या एकही टाकू नका, नुकसानभरपाई मागताना लागतात.

टेम्सकाठचा_मराठी

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. इथेही हीच रड आहे. थॅचम रिसर्च या इथल्या वाहन संशोधन संस्थेने 2023 मध्ये अहवाल काढला होता, त्यात ईव्हीच्या दुरुस्तीला पेट्रोल-डिझेल गाड्यांपेक्षा 14 टक्के जास्त वेळ आणि साधारण 25 टक्के जास्त खर्च लागतो असं आलं होतं. बॅटरीला मार बसल्याचा संशय असला तर गाडी इतरांपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवायची, आणि तेवढी जागा प्रत्येक गॅरेजकडे नसते. फरक एवढाच की इथे बऱ्याच पॉलिसींत दुरुस्ती होईपर्यंत दुसरी गाडी मिळते. तुमच्या पॉलिसीत दैनिक भत्त्याचा अ‍ॅड-ऑन आहे का बघा, आणि त्यात पार्टसाठी थांबल्याचे दिवस धरतात का तेही वाचा.

साताऱ्याची_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉडीशॉप दादांनी सांगितला तसाच मेल टाकला आणि आज उत्तर आलं. वाचून हात थरथरत होते माझे. हेडलॅम्प आणि फेंडर केव्हाच आलेत. बाकी आहे तो पुढचा हार्नेस, आणि त्याची ऑर्डर गेल्या आठवड्यात टाकलीय! सप्लिमेंटरी अप्रूव्हल त्याच्या कितीतरी आधीचं आहे. म्हणजे इतके दिवस मला 'बॅकऑर्डर' सांगत होते तेव्हा ऑर्डरच गेलेली नव्हती. बॅटरीच्या तीन रिपोर्टपैकी इन्सुलेशनचा पाठवलाय, तो पास आहे. लीक टेस्ट अजून केलेलीच नाही.

दैनिक भत्ता माझ्या पॉलिसीत नाही. 1915 वर तक्रार नोंदवली, हा मेल जोडून.

बॉडीशॉप_चाकण

लीक टेस्ट हार्नेस यायची वाट न बघता आत्ताच करायला सांगा, म्हणजे पॅक राहणार की जाणार ते आधीच ठरेल. प्लेट बदलायची निघाली तर तिची ऑर्डरही हार्नेसबरोबरच जाईल. आणि फेंडर-बंपर रंगवायचे आहेत म्हणून विचारा, पेंट बूथमध्ये गाडी किती तापमानाला भाजणार? ईव्हीला कंपनीने मर्यादा दिलेली असते, ती पेंटरला माहीत आहे ना याची खात्री करा. डिलिव्हरीच्या दिवशी इन्सुलेशन टेस्ट पुन्हा करून तिचा प्रिंट घ्या, मगच सही करा.