वाघाटी: वेल आणि मांजर
एकाने विचारलंय, आषाढीच्या बारशीला भाजी करतात ती वाघाटी आणि जंगलात फिरते ती वाघाटी यांचा संबंध काय? नावापलीकडे काही नाही. वेल काटेरी, काटे मागे वळलेले, शर्ट अडकला की फाटलाच. उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरी फुलं येतात, लांब पुंकेसर मिशांसारखे बाहेर. जुनी होताना ती गुलाबी पडतात.

मांजर जेमतेम दीड किलोचं, अंगावर तांबूस ठिपके. भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून कुठेच नाही. ऊसतोडीत पिल्लं सापडली की लोक बिबट्याची समजतात (गोंधळ तिथेच सुरू होतो!). उचलून घरी नेऊ नका. वनखात्याला कळवा, आई आसपासच असते.