देठात बिया! हे गुलाबी फूल कोल्हापुरात येईल का?

जोतिबाचा_वाटसरू: ऑगस्टात हिमालयातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलो होतो. पुष्पावती नदीच्या गोट्यांत हातभर उंचीची झाडं, चार पाकळ्यांची गुलाबी-जांभळी फुलं. वाटाड्या ‘विलोहर्ब’ म्हणाला. फुलाचा लांब देठ नखानं उकलला, तर आत बारीक बिया! कुंडीत लावलं तर जगेल का?

बीएस्सीवाली_मावशी: राष्ट्रीय उद्यानातलं फूल तोडलंस, आधी कान धर. तो देठ नव्हे, अंडाशय. या विलोहर्बमध्ये, म्हणजे शास्त्रीय नावानं एपिलोबियममध्ये, ते पाकळ्यांच्या खाली असतं. पिकलं की शेंग टोकाकडून चार फाकांत उलते आणि रुईच्या म्हातारीसारख्या शेंडीवाल्या बिया वाऱ्यावर उडतात. पानं वाळुंजासारखी, म्हणून ‘विलो’. उघडी जमीन आणि भरपूर ऊन त्याला हवं. याचंच एक उंच भावंड दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बॉम्बनं पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर माजलं होतं. पण गड्या, ते थंड हवेच्या मुलखातलं झाड. आपल्या एप्रिलात मरायचंच.

उसातला_पाटकरी: मग आपल्याकडं त्या घराण्यातलं काहीच नाही?

बीएस्सीवाली_मावशी: आहे की, पाणलवंग! भाताच्या खाचरात, तळ्याकाठच्या चिखलात. चारच पाकळ्या, पण पिवळ्या. बोंड हुबेहूब लवंगेसारखं. बियांना शेंडी नाही, त्या पाण्यावरनं जातात.

उसातला_पाटकरी: हात्तिच्या! हे तर मी दरसाल पाटातनं उपटून बांधावर टाकतोय.

जोतिबाचा_वाटसरू: कान धरला मावशी. रविवारी रंकाळ्याच्या काठानं हुडकतो.