मदत हवी आहे: यंत्रमागाच्या शेडमधला आवाज मोजायला कोणतं यंत्र घ्यावं?

नमस्कार मंडळी. विट्यात आमची यंत्रमागाची शेड आहे, सगळे धोट्याचे जुने माग. आत बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. आमच्याकडचे एक जुने विणकर आता शेडबाहेरही दोनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाहीत. कामगारांना कानाचं संरक्षण द्यायचंच आहे, पण किती आवाजाला कोणतं, हे मोजल्याशिवाय कसं ठरवणार? दुसरं म्हणजे मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे. रात्रपाळीत तिथे किती आवाज पोचतो तेही बघायचंय.

मोबाइलची अ‍ॅप वापरून पाहिली. एकाच जागी दोन फोन दोन आकडे दाखवतात.

नियम वाचले ते असे: कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबल (ए, म्हणजे माणसाच्या कानाला जुळवून मोजलेले), ९५ असेल तर ४ तास, १०० असेल तर २ तास. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. दुकानदार 'क्लास १', म्हणजे जास्त अचूक दर्जाचं मीटर घ्या म्हणतो, त्याची किंमत झेपणारी नाही. त्याखालचा क्लास २ चालेल का? की कामगाराच्या खांद्यावर लावून पाळीभराचा आवाज मोजणारा डोसिमीटर घ्यावा? सध्या एकच घेता येईल.

प्रतिसाद १
मी कुपवाड एमआयडीसीत सुरक्षा विभागात आहे. तुमच्या कामाला क्लास २ पुरेल, पण तो सरासरी काढणारा, म्हणजे एलईक्यू दाखवणारा हवा. निवासी भागाची मर्यादा एलईक्यूमध्येच आहे. नुसता क्षणाचा आकडा दाखवणारं स्वस्त मीटर घेऊ नका. सोबत कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला आवाज देऊन मीटर तपासायचं यंत्र, घ्याच, मीटर थोडं साधं चालेल. प्रत्येक मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलला तपासायचं.

विणकर पाळीभर मागांमध्येच असतो, त्याच्या कानाच्या उंचीवर मीटर धरून काम भागतं. जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि कांडीवाला (सुताच्या कांड्या पुरवणारा) आत-बाहेर करतात, त्यांचा हिशेब डोसिमीटरशिवाय नीट लागत नाही. तो काही दिवस भाड्याने मिळतो का बघा. त्यात एक्स्चेंज रेट, म्हणजे किती डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा तो आकडा, ५ ठेवायला सांगा, तुम्ही लिहिलेला ९०-९५-१०० चा तक्ता ५ चाच आहे. १०० डेसिबलमध्ये ८ तास काढले तर ५ ने डोस (चालणाऱ्या मर्यादेच्या किती टक्के आवाज कानावर पडला ते) ४०० टक्के येतो, ३ ने साधारण १००० टक्के. कानाच्या काळजीसाठी मात्र ३ चा, ८ तासांना ९० ऐवजी ८५ धरून हिशेबही काढून ठेवा. जगात बऱ्याच ठिकाणी तोच धरतात, आणि तो जास्त सुरक्षित आहे.

प्रतिसाद २
वस्तीकडची मोजणी माग चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा करा. फरक १० डेसिबलपेक्षा जास्त असेल तर चालू असतानाचा आकडा तसाच धरा. ३ पेक्षा कमी असेल तर त्या जागेवरून तुमच्या मागांचा आवाज वेगळा काढताच येणार नाही. मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा लावा, वारा फार फसवतो. प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं तर मात्र स्वतःच्या मीटरवर विसंबू नका, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजून घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. एलईक्यूवालं क्लास २ आणि कॅलिब्रेटर, एवढं नक्की करतो. सांगली-मिरज भागात डोसिमीटर भाड्याने देणारं कुणी माहीत असेल तर कळवा. जॉबरची मोजणी दिवाळीआधी, शेड पूर्ण चालू असताना, करून घ्यायची आहे.