मॅक्स३०१०२ च्या ड्रायव्हरचं लॉकिंग: गार्ड टाकला की झालं?

ड्रायव्हरवाला: काल एकाने इथे लिहिलं की या पल्स सेन्सरच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये म्यूटेक्सला (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) गार्ड (फंक्शनमधून बाहेर पडताच कुलूप आपोआप उघडणारा मॅक्रो) लावला, त्याचे गोटो (कोडमधल्या उड्या) गेले, लॉकिंग सुधारलं. अहो पण लॉक राखतोय काय ते कोण बघणार? बफर (नाडीची सलग मोजणी) बंद असताना तापमान मागितलं की ड्रायव्हर चिप जागी करतो, ३५ मिलिसेकंद थांबतो, वाचतो आणि चिप परत शटडाउनमध्ये टाकतो. तेवढ्यात कुणी बफर चालू केला तर एलईडी बंद, फिफो (चिपमधली मोजमापांची रांग) ठप्प, नाडी गायब! मोडचा (बफर चालू की बंद) लॉक त्यासाठी आहे. फिफोचं म्यूटेक्स वेगळं.

मेधा_एम्बेडेड: बरोबर, पण म्हणून गार्डला नावं कशाला ठेवता? आमच्या एका प्रॉडक्टमध्ये आयटूसी (चिपशी बोलायची दोन तारांची बस) एरर आली की सेन्सर रीबूटपर्यंत अडकायचा, कारण एक रिटर्न अनलॉक न करताच निघून जायचा. टेबलावर कधी दिसलं नाही, फील्डमध्ये रोज.

जुना_कर्नल: गार्ड आला लिनक्स ६.५ मध्ये. व्हेंडरने ४.१९ गळ्यात मारलाय त्यांनी काय करायचं? दरवेळी नवीन मॅक्रो आणि बॅकपोर्ट (नवा कोड जुन्या कर्नलमध्ये बसवणं) आमच्या डोक्यावर.

सोल्डर_सम्या: लॉक राहू द्या, आधी मॉड्यूल बघा. स्वस्त बोर्डावर पुल-अप (बसच्या तारा वर खेचून धरणारे रेझिस्टर) १.८ व्होल्टला जोडलेले असतात, ३.३ च्या बोर्डाला लावलं की ०x५७ (सेन्सरचा बसवरचा पत्ता) दिसतच नाही, माझा अख्खा रविवार गेला.

जुना_कर्नल: सेम! ट्रेस कापून पुल-अप ३.३ ला जंपर केले तेव्हा कुठे चाललं.

सोल्डर_सम्या: मी ते रेझिस्टर काढून बाहेरून ४.७ के लावले. विकणारा म्हणतो तुमचा कोड चुकला.

ड्रायव्हरवाला: पुल-अपचा वेगळा धागा काढा ना राव! इथे रेसबद्दल (दोन कामं एकाच वेळी घुसून होणारा गोंधळ) बोलतोय.

सोल्डर_सम्या: ओरडू नका. बसच चालत नसेल तर रेस कसली शोधताय?

मेधा_एम्बेडेड: सम्या, पुरे. ड्रायव्हरवाला, तुमचा उपाय सांगा, नुसती टीका नको.

ड्रायव्हरवाला: तापमान वाचतानाचा ड्रायव्हरमधला रिट्राय बघा. आधी बफर मोड मागायचा, नाही मिळाला तर डायरेक्ट (बफर बंद असतानाचा मोड), आणि मधल्या फटीत मोड बदलला की गोटो, परत पहिल्यापासून. त्यापेक्षा आहे त्या मोडमध्ये लॉक एकदाच धरा, मग बफर चालू आहे का बघा आणि चिपला पॉवर द्यायची की नाही ते ठरवा.

मेधा_एम्बेडेड: मग तेच गार्डने करा की, एरर पाथही सुटेल.

ड्रायव्हरवाला: बरं, करा गार्डने. पण पॅचच्या मेसेजमध्ये 'कोड स्वच्छ केला' एवढंच असेल तर मी परत भांडणार. बफर चालू-बंद करत दुसरीकडून तापमान वाचत राहणारी स्क्रिप्ट रात्रभर चालवा आणि लॉग इथे टाका.