घरात सबवूफर, पण डोळ्यांत न खुपणारा: तुमच्याकडे कसं जमलं?

नौपाड्याची सून
लेक आज ऐरोलीच्या नव्या घरात टेप घेऊन उभी होती. तिथून फोन. "आई, बाबांचा तो डबा आपण शेवटी कुठे ठेवला होता गं?" भेंडी चिरायची राहिली आणि २००९ सालचं आमचं नौपाड्याचं घर डोळ्यांपुढे आलं.

दहा बाय चौदाचा हॉल. हे एका संध्याकाळी टेम्पोतून बारा इंची सबवूफर घेऊन आले, म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज (बास) वाजवणारा स्पीकरचा मोठा डबा. बारा इंच हे आतल्या गोल स्पीकरचं माप, डबा त्याहून मोठा. त्याच रात्री देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणायला लागली, शोकेसची काच थरथरायला लागली. मी दोन दिवस बोलले नाही. राग खरं तर न विचारता आणल्याचा होता. त्या कोपऱ्यात सासूबाईंचा पाट आणि माझे रांगोळीचे डबे असायचे.

तो सबवूफर भावाच्या मोठ्या घरी गेला. दोन वर्षांनी आम्ही दोघं मिळून दुकानात गेलो. माझ्या अटी: सोफ्याच्या हातापेक्षा उंच नको, चकचकीत काळा नको, वायर फरशीवरून जायला नको, आणि मला एकटीला सरकवून खालून झाडता आलं पाहिजे. दुकानदार शहाणा. सिनेमातले बॉम्बस्फोट ऐकवले नाहीत, मला विचारलं, "ताई, तुम्ही काय ऐकता?" माझ्याकडे गाण्याच्या गुरुजींच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं, पट्टी काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा). त्या पट्टीत तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार ६९ हर्ट्झच्या (सेकंदाला ६९ कंपनं) आसपास असते. आमच्या लहान स्पीकरमधून तो मूळ स्वर कधी येतच नव्हता, वरच्या स्वरांवरून कान तो मनाने भरून घेत होता. आठ इंची सबवूफर जोडला आणि गुरुजींच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. मीच म्हणाले, घ्या.

तुमच्याकडे कसं ठरलं? नकार देणाऱ्यांनीही लिहा, त्यांचं म्हणणं कुणी नीट ऐकत नाही.

वाशी सेक्टर १७
आमचा सोफ्यामागे आहे, पाहुण्यांना दिसतसुद्धा नाही. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून हे जमतं. पण मी सुरुवातीला क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, १२० वर ठेवला होता. बायको म्हणाली, बातम्या देणारा माणूस माझ्या पाठीमागे बसलाय. अगदी खरं होतं, पुरुषांच्या आवाजाचा खालचा भाग तिकडून येत होता. ८० वर आणला आणि आवाज पुन्हा टीव्हीवर गेला. तेव्हापासून सेटिंग तिच्या कानाने लावतो.

रोजची_ट्रान्सहार्बर
ठाण्याला बसायला जागा मिळाली म्हणून लिहितेय. आमच्याकडे उलटं आहे, मला हवाय आणि नवरा नको म्हणतो. वायरलेस घेऊ म्हटलं तर तो म्हणतो, प्लग तरी लागणारच ना. बरोबर आहे त्याचं, वायरलेस म्हणजे फक्त सिग्नलची वायर वाचते. आमच्या हॉलमध्ये टीव्हीमागे सोडून एकच पॉइंट, आणि तिथे राउटर. कुणी स्कर्टिंगच्या कडेने पट्टीतून वायर नेली आहे का? घणसोली आलं, नंतर बघते

नौपाड्याची सून
@ट्रान्सहार्बर हो, नेली. भिंतीच्याच रंगाची पट्टी लावून घ्या, आठवडाभरात नजरेला सवय होते.

खारघरवासी
पावसाळ्याचं कुणी बोललं नाही अजून. आमच्या जुन्या सबवूफरच्या कोनभोवतीची (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याभोवतीची) फोमची कड दमट हवेने आठ-नऊ वर्षांत भुगा झाली. बोट लावलं की गळायची. बदलून मिळते, मी बदललीही, पण आता घेताना रबराची कड आहे का ते आधी बघतो. आणि भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे बुरशी धरते. इकडे गेले चार दिवस डोंगर दिसलेला नाही, कपडे तर विचारूच नका.

सीवूड्स
कपड्यांचं इकडेही तेच. कापूर ठेवा कपाटात.

नेरूळची आजी
माझ्याकडे सबवूफर नाही, माझ्या डोक्यावर आहे. सिडकोची जुनी बिल्डिंग, वरच्या मुलाचा सबवूफर थेट फरशीवर. शब्द ऐकू यायचे नाहीत, फक्त धप धप, आणि ती छातीत बसायची. ह्यांचं बायपास झालेलं. मी भांडले नाही. वर जाऊन त्याला म्हटलं, बाळा, पाच मिनिटं माझ्या खोलीत येऊन बस. बायकोला वर चालू ठेवायला सांगून तो आला, बसला, आणि त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने खाली जाड रबरी पॅड घातले. स्लॅबमधून येणारी थरथर बरीच गेली, हवेतून येणारा आवाज थोडा राहिला, म्हणून दहानंतर तो बंदच करतो. कायद्यातही वस्तीत रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५. पण त्याला कायदा सांगावा लागला नाही. घरच्यांच्या होकाराबरोबर खालच्या मजल्याचाही घ्या रे बाळांनो.

घोडबंदर रोड, कासारवडवली
आजी, नमस्कार. आजच पॅड मागवतो. आमच्या खालीही एक काका एकटे राहतात, मला हे सुचलंच नव्हतं.

मानपाडा ठाणे
जागेबद्दल सविस्तर लिहितो, कारण भांडणं तिथेच होतात. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, आपला हॉल जेमतेम पाच मीटर. भिंतींवर आपटून लाटा एकमेकींत मिसळतात, मग एका जागी बास दुप्पट आणि दोन पावलांवर गायब. म्हणून पुस्तकी सल्ला असा की सबवूफर सोफ्यावर आपल्या बसायच्या जागी ठेवा, एकच बासचा तुकडा लावा आणि खोलीभर रांगत फिरा. जिथे तो भरीव आणि स्पष्ट ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा.

मी हे केलं आणि उत्तम जागा निघाली बाल्कनीच्या दारात! बायकोने शांतपणे खडू घेतला आणि फरशीवर तीन चौकोन काढले: सोफ्याची बाजू, टीव्ही युनिटचा डावा कोपरा, तुळशीच्या खिडकीखाली. म्हणाली, या तिनांत जो चांगला वाजेल तो तुझा. मग दोघं मिळून रांगलो, मुलगा मागून. सोफ्याची बाजू जिंकली. फेजचं बटण (सबवूफरच्या लाटा बाकीच्या स्पीकरशी जुळवणारं) ० वरून १८० केलं तेव्हा बास आणखी भरला, तेही तिनेच आधी ओळखलं. पाच वर्षं झाली, जागेवरून एक शब्द नाही.

सीवूड्स
खडूचे तीन चौकोन फार आवडले. आज संध्याकाळी करतो.

वर्तकनगर
नौपाडा म्हटलं की गोखले रोडवरून चालत तलावपाळी आणि परत. ती भेंडी झाली का शेवटी ताई?

नौपाड्याची सून
झाली हो, चिंचगुळाची. पोळ्या लाटायच्यात अजून.

बेलापूर
सुताराकडून फर्निचरमध्ये लपवून घेणाऱ्यांसाठी. आम्ही बंद कपाटात ठेवला होता. आतला ॲम्प्लिफायर तापायचा आणि कपाटाची फळी स्वतःच गुणगुणायची. दार काढून जागी कापड ताणून बसवलं. कापड निवडताना तोंडाजवळ धरून फुंकर मारा, आरपार गेली तर आवाजही जाईल. बायकोने पैठणीच्या काठाची पट्टी लावली वर, लोक विचारतात कुठून आणलं.

आणखी एक. लहान डबा, खोल बास आणि कमी ताकदीवर मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोनच मिळतात. केईएफ कंपनीचा केसी६२ सबवूफर जेमतेम २५ सेंटिमीटरचा ठोकळा आहे, पण त्यासाठी आत १००० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि वजन १४ किलो, किंमतही तशीच. आमच्यासारख्यांनी आठ किंवा दहा इंची सीलबंद, म्हणजे डब्याला हवेचं भोक नसलेला, बघावा. भोकवाला तेवढ्याच ताकदीत जास्त खोल वाजतो, पण डबा मोठा होतो.

रोजची_ट्रान्सहार्बर
घरी पोचले. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. आजींच्या प्रतिसादावर थांबला आणि म्हणाला, पॅड आधी घेऊ.

नौपाड्याची सून
लेकीचा पुन्हा फोन. जावईबापूंनी टीव्ही युनिटशेजारची जागा ठरवली आहे, रुंदी ३८ सेंटिमीटर, खोली ४०. दहा इंची बसेल का?

बेलापूर
काही बसतात, काही नाही. दुकानात डब्याची खोली मागच्या बटणांसकट मोजायला सांगा आणि वायर वळायला पाच सेंटिमीटर सोडा. आठ इंची निवांत बसेल.

नौपाड्याची सून
सांगते तिला. रविवारी मी पण जाणारे त्यांच्याबरोबर, गुरुजींचं रेकॉर्डिंग घेऊन.